सात जणांचा सोफा

३ मार्च, रविवार
नव्या घरातला चौथा दिवस. हॉलमध्ये बोललं की आवाज घुमतो. तिघंही चटईवर बसून जेवतो. मुलीला मजा वाटते, हिलाही वाटते. मला नाही वाटत. वीस वर्षांचं कर्ज काढून घर घ्यायचं आणि बसायचं जमिनीवर?
हिचं म्हणणं, आधी घराचा हप्ता अंगवळणी पडू दे, मग एकेक वस्तू घेऊ. हिचा स्वभावच अंथरूण पाहून पाय पसरण्याचा. पण अंथरूणच नवं घ्यायचं असेल तर? हे सुचेपर्यंत ती ड्यूटीला निघून गेली. दवाखान्यात रिसेप्शनला असते, रविवारचीही पाळी लागते.
निश्चय: फक्त एक साधा सोफा. रोख.

१० मार्च
शोरूमला गेलो, एकटाच. नुसतं बघायला.
सेल्समनला माणसाची पारख आहे. मला साध्या सोफ्यांकडे नेलंच नाही. सात जणांचा, एल आकाराचा, राखाडी. बसलो तो उठवेना. जोडीला डायनिंग टेबल आणि आरशाचं कपाट घेतलं तर आज एक पैसा भरायचा नाही. पुढच्या महिन्यापासून चोवीस हप्ते, नऊ-नऊ हजारांचे. म्हणजे आज तरी फुकटच.
विचार करून सांगतो म्हणालो. पार्किंगपर्यंत विचार केला आणि परत गेलो.
जामीनदार लागतो म्हणे.

११ मार्च
ऑफिसातून थेट दादाकडे. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. बाबा गेल्यावर माझं कॉलेज त्यानेच केलं. शाळेत लॅब असिस्टंट होता, आता रिटायर.
फॉर्म अगदी नाकाजवळ धरून वाचायला लागला. म्हणालो, दादा, फॉर्मॅलिटी असते रे. डिस्पॅच इन-चार्जची पोस्ट मलाच मिळतेय, जूनपासून पगार वाढतोय. त्याने फॉर्म खाली ठेवला. म्हणाला, "तू म्हणतोस ना, मग झालं. सही कुठे करू?"
जागा बोट ठेवून दाखवावी लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल. वहिनी काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात मी चहा मागितला.

१६ मार्च
माल आला. सोफा लिफ्टमध्ये मावेना, चार मजले जिन्याने चढवला. हमालांचे वेगळे पैसे. आता स्वयंपाकघरात जाताना आडवं व्हावं लागतं, पण हॉलला भारदस्तपणा आला.
हिने विचारलं, पैसे कुठले? म्हणालो, बोनस मिळाला, रोख भरले. हे खोटं नव्हे. जूनमध्ये खरं होणार आहे.
ही बराच वेळ सोफ्यावर हात फिरवत राहिली. मग एवढंच, "आधी सांगायचं होतंस." आनंदाने शब्द फुटत नव्हते बहुतेक.

१६ एप्रिल
पहिला हप्ता भरला. काही जाणवलं नाही. हां, मुलीची शाळेची सहल पुढच्या वर्षी. तिला समजावलं. समंजस आहे. दार लावून घेतलं तिने.

१८ जून
पोस्ट अजून जाहीर नाही. माझ्या हाताखालचा एकजण आहे, सगळे त्याला कॅल्क्युलेटर म्हणतात, कारण पोरगेला असूनही तोंडी हिशेब करतो. साहेबांपुढे कोणीतरी त्याचं नाव घेतलं म्हणे. हसलो.
ओव्हरटाइम बंद झालाय. या महिन्याचा हप्ता राहिला. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. शोरूमवाले फोन करतायत. त्यांचा नंबर 'प्लंबर' नावाने सेव्ह केला.

२१ जून
प्लंबरचे अकरा फोन. हिने विचारलं, एवढं गळतंय तरी कुठे? म्हणालो, बघतोय.
तेव्हापासून ही नळ तपासतेय. मी पेपर वाचतोय. दोन तास एकच पान.

५ जुलै
कंपनीच्या पंपांच्या गोदामात ट्रक भरत असताना प्लंबरचा फोन. उचलला, कारण नाही उचलला तर साहेबांच्या नंबरवर लावतो असा मेसेज होता. बोलता बोलता दोन ट्रकांची चलनं बदलली. चाळीस पंप भलत्याच गिऱ्हाइकाकडे गेले.
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज अजिबात चढवला नाही. हे चांगलं लक्षण.

१९ जुलै
पोस्ट कॅल्क्युलेटरला.
त्याचं अभिनंदन केलं. हात मिळवताना तो माझ्याकडे बघत नव्हता. घरी सांगायची घाई नाही. जुलैचाही हप्ता भरता आला नाही. शोरूमच्या माणसाला फोनवर स्पष्ट सांगितलं, माझा आवाज ऐकून तरी ओळखा मी कोण आहे ते.

३० जुलै
चमत्कार! दहा दिवसांत प्लंबरचा एकही फोन नाही. चौकशी केली नाही, झाकली मूठ राहिलेली बरी. त्या दिवशी ठाम बोललो त्याचा परिणाम. माणसाने ठाम असावं.
वहिनीशी बोललो. दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, ते लांबणीवर टाकलं म्हणे. म्हणालो, बरं झालं, डोळ्याच्या बाबतीत घाई नकोच. पलीकडून फोन बंद झाला. लाइन कट झाली असावी.

२४ ऑगस्ट, शनिवार, दुपार
सकाळी बेल वाजली. मुलीने दार उघडलं. एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. भलताच सभ्य. पाणी मागून घेतलं. सोफ्यावर बसला, हात टेकवून म्हणाला, छान ठेवलाय हं.
मी हिला म्हणालो, प्लंबरकडचा आहे. ही म्हणाली, प्लंबर फाइल घेऊन येतो का?
त्याने फाइल हिच्याकडेच दिली. "मॅडम, ऑगस्टचा हप्ता आला नाही. जून-जुलैचे जामीनदारांनी येऊन भरले. पण तेही म्हणाले, आता आपल्याकडे पैसे नाहीत."
हिने विचारलं, "जामीनदार कोण?"
खालची सही तिने पाहिली. वाकडी, रेघेच्या बाहेर गेलेली. फाइल मिटली. त्या माणसाला म्हणाली, सोमवारी सांगते. तो गेला.
मग मला म्हणाली, "दादांचं ऑपरेशन का राहिलं, ते कळलं."
मी म्हणालो, मला खरंच माहीत नव्हतं.
"तू विचारलंस?"
मुलगी दारातच उभी होती. तिला आत जा म्हणालो. ती गेली नाही.

२५ ऑगस्ट
ही दादाकडे जाऊन आली. मी पण निघालो होतो, चप्पल घातली होती. म्हणाली, नको. हिने स्वतःची ठेव मोडली, दादाचे अठरा हजार परत दिले. दादा घेत नव्हता, वहिनीने घेतले.
मला पोस्टबद्दल विचारलं. सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

१ सप्टेंबर
शोरूमवाले सामान परत घेऊन गेले. हिनेच बोलावले होते. वापरलेला माल म्हणून निम्म्याहून कमी किंमत धरली. वीसातले सातच हप्ते वळते झाले. सोफा गेला, हप्ते राहिले. आणखी तेरा महिने. तोवर सोफा कोणीतरी दुसरा विकत घेईल, आणि तो बसेल त्याचे पैसे मी भरेन.
भांडायला हवं होतं त्यांच्याशी. ही सह्या करत होती, म्हणून थांबलो.

१४ सप्टेंबर, शनिवार
दादा-वहिनी आले. नवं घर दादा पहिल्यांदाच बघत होता. बघत होता म्हणजे भिंतीवरून हात फिरवत होता. "मोठं आहे रे," म्हणाला. चहाचा कप त्याच्या हातात द्यावा लागला. हिने दिला.
ऑपरेशन शुक्रवारी. सोबत धावपळ करायला कोणीतरी हवं, वहिनीचे गुडघे दुखतात.
मी लगेच म्हणालो, "दादा, मी रजा टाकतो. सकाळी सातला तुझ्या दारात हजर."
दादा हसला, नेहमीसारखाच. माझ्या खांद्यावर थोपटलं. मग हिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवून म्हणाला, "तुला जमेल ना गं?"
"सुट्टी मंजूर झालीय, दादा," ही म्हणाली. "मंगळवारीच."
वहिनीने रिपोर्टची पिशवी हिच्याकडे सरकवली. दोघी गोळ्यांच्या वेळा बघत बसल्या.
मी खरंच जाणार होतो.