बालीतला मंगळवार

२ मार्च, सोमवार

वनजाला बालीला जायचं आहे. भातावर सारू वाढताना सांगितलं, मीठ संपलंय असं सांगावं तसं. डायलिसिसच्या खोलीत भिंतीवर टीव्ही आहे, आवाज बंद असतो. चार तास मशीनला जोडलेली असताना तिथे तिने तो समुद्र पाहिला. "एकदा बघायचं री. डॉक्टर म्हणतात, सध्या तब्येत बरी आहे. पुढचं कोणी सांगावं?" तिचं "री" म्हणजे कन्नडमधलं "अहो".

मागच्याच आठवड्यात हूटगळ्ळीच्या सभेत पर्यटनावर तासभर बोललो. माणसं बेटं खातात, म्हणालो. टाळ्या पडल्या. आज तिला नुसतं "बघू" म्हणालो. बत्तीस वर्षांत तिला किती वेळा "बघू" म्हटलं असेन!

३ मार्च

मंगळवार, गुरुवार, शनिवार — तिचे डायलिसिसचे दिवस. तीन वर्षं झाली. तिची धाकटी बहीण तुळसी ऑटोने नेते-आणते. मला कुठे भाषण नसेल तर मीही जातो, बाहेर बाकावर वाचत बसतो.

आज त्या दोघी तिकडे गेल्या आणि मी घरी कॉम्प्युटरसमोर बसलो. बाली. मराठीत शोधलं, कन्नडमध्ये शोधलं, इंग्रजीत शोधलं. न चुकवण्याची दहा ठिकाणं. पंधरा ठिकाणं. दरीवरचे झोके. पाण्यावर तरंगणारी न्याहारी. ज्या माणसाचं रक्त दर मंगळवारी धुवावं लागतं त्याने तिथे मंगळवारी काय करायचं, हे कोणीच लिहिलेलं नाही. जगाची सगळी माहिती म्हणे एका बोटावर आली आहे!

५ मार्च

ताडपत्रांवरच्या पोथ्या. देवळांतून शेतांना वाटून दिलेलं पाणी. तिथले पुरोहित म्हणतात ते संस्कृत मंत्र. वाचत गेलो आणि वही भरत गेली — अकरा पानं. वनजा डायलिसिसहून आली, पडली. तिच्या उशाशी बसून सगळी वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होती.

"एल्ला सरी," ती म्हणाली, "सगळं चांगलं आहे. पण मशीन आहे का तिथे?"

अकरा पानांत मशीन नव्हतं.

८ मार्च, रविवार

सापडलं. एका मावळतीच्या फोटोखाली शेकडो लोकांच्या प्रतिक्रिया होत्या. हा सगळा गाळ आहे, असं मी व्यासपीठावरून सांगत आलो आहे. त्या गाळात बंगळूरच्या हरिणी नावाच्या बाईने लिहिलेलं: "मागच्या वर्षी अप्पांना नेलं होतं. दोन डायलिसिस तिथेच केले. महिनाभर आधी लिहा, मशीन राखून ठेवतात. कावीळ बी, कावीळ सी यांचे ताजे रिपोर्ट लागतात. सुया टोचल्या त्या दिवशी हात समुद्रात बुडवू नका." खाली हॉस्पिटलचा पत्ता.

सहा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी खरी माहिती दिली. मी तिला लिहिलं, तिचा लगेच फोन आला. अगदी साधी, नीट बोलणारी मुलगी. कुठल्या किनाऱ्यावर पायऱ्या नाहीत, खुर्ची वाळूत कुठवर जाते, सगळं सांगितलं. शेवटी मी विचारलं, अप्पा कसे आहेत?

"नोव्हेंबरमध्ये गेले, सर. तुम्ही उशीर करू नका."

वनजाला यातलं शेवटचं सांगितलं नाही.

११ मार्च

हॉस्पिटलला दोन पानी पत्र पाठवलं होतं. भारत आणि बाली यांच्या नात्यापासून सुरुवात केली होती. उत्तर आलं पाच ओळींचं आणि एक फॉर्म. वजन किती? सुया कुठल्या हाताला टोचतात? फॉर्म भरला, पाठवून दिला.

संध्याकाळी तुळसी आली. तिला मोठ्या हौशीने दाखवला. तिने चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"भावोजी, उजवा हात लिहिलाय तुम्ही."

"मग?"

"डावा आहे. तीन वर्षं डावा आहे. आणि हे पंचावन्न किलो कुठून आणलंत? लग्नातलं वजन का?"

आत वनजा हसली. तुळसी हसली नाही. "ती माणसं तुमचं वाचून सुई टोचणार, भावोजी."

लगेच दुसरं पत्र पाठवलं. तुळसी आकडे सांगत होती, मी लिहीत होतो. सेहेचाळीस किलो. भाषणात माझा एक सनही कधी चुकत नाही.

१२ मार्च, गुरुवार

मंड्याचं भाषण रद्द केलं. आत जाऊन बसलो. चंदना सिस्टरने विचारलं, "सर, आज आत?" — रागावून नव्हे, नवल वाटून.

आधी वनजाचं वजन केलं. मग डाव्या हातात दोन सुया, जाड. ती टीव्हीकडे बघत राहिली. नळीतून रक्त बाहेर जातं, नळीतून परत येतं. तिसऱ्या तासाला पायात गोळा आला. मी उठेपर्यंत तुळसीने तळवा धरून दाबलासुद्धा. कुठे दाबायचं ते तिला विचारावं लागलं नाही.

 

१७ मार्च

डॉक्टरांनी होकार दिला. आठ दिवस, त्याहून जास्त नाही. आणि दुपारी बालीचं उत्तर — मे महिन्यात पाच तारखेचा मंगळवार आणि सातचा गुरुवार, दोन्ही दिवशी मशीन वनजाच्या नावाने राखून ठेवलं आहे. मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतः वाचलं, पडद्यावर बोट ठेवून.

मी स्वतःसाठी नवी चप्पल आणली. वाळूत चालायची.

१८ मार्च

कालच्या उत्तरासोबत आलेल्या नव्या फॉर्ममध्ये एकच जागा भरायची राहिली होती — सोबत येणाऱ्याचं नाव. टाइप करायला लागलो तेवढ्यात वनजा म्हणाली, "तुळसी लिहा."

मी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही आलात तर सांगत राहाल री. मला बघायचं आहे."

लिहिलं.