तेजूसाठी लिहिलेला कॉन्चेर्टो

प्रिय जितेंद्र,

सप्रेम जयभीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तेजश्री गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला आलास, त्यानंतर भेट नाही. निघताना दारात चपला घालत म्हणालास, "काकू, हा कॉन्चेर्टो आता कुणीच वाजवणार नाही." मी मान हलवली. मलाही तेच हवं होतं.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनची मोठी बहीण, पण तिच्यासाठी कुणी लिहीतच नाही, ही तेजूची कायमची तक्रार. तू हा कॉन्चेर्टो लिहिलास. एकटी व्हायोला आणि अख्खा ऑर्केस्ट्रा. पानं हातात घेऊन ती स्वयंपाकघरात नाचत आली. तुमचं लग्न ठरलं तेव्हाही एवढी नाचली नव्हती.

मग कार्यक्रमासाठी जेसल पार्कच्या आमच्या एवढ्याशा घरात त्याचा रोज सराव सुरू झाला. खरं सांगू? मला त्यात गाणं सापडायचं नाही. सूर मध्येच तुटायचे, एकमेकांवर आपटायचे. शेजारच्या भाभी विचारायच्या, "बेबी गाना कब बजायेगी?" तेजू हसायची. म्हणायची, "मम्मी, समोर एवढा ऑर्केस्ट्रा असताना व्हायोलाने गोड बोलून कसं चालेल? आधी भांडते ती."

केमोनंतर तिची बोटं बधिर व्हायची. तरी उशीला टेकून वाजवायची. तो संथ भाग तेवढाच, जिथे सगळे गप्प होतात आणि व्हायोला एकटी उरते. एकदा हातातून व्हायोलाचा गज घसरला. मी उचलून दिला, तर म्हणाली, "राहू दे. कार्यक्रमापर्यंत बरी होते मी." तू शेजारीच बसला होतास. आपण दोघंही हो म्हणालो.

परवा रसिका आली होती, ऑर्केस्ट्रात तेजूच्या शेजारी बसायची ती. "काकू, व्हायोला बघू?" म्हणाली. पेटी मीच उघडली. तारा जुळवून तिने तोच भाग धरला आणि मध्येच रडायला लागली. तेजूचे पप्पा आतल्या खोलीत होते. तेजू गेल्यापासून ते कुणाशी धड बोलत नाहीत. पण आतूनच म्हणाले, "थांबू नको, बाळा. वाजव." तिने डोळे पुसून शेवटपर्यंत वाजवलं. तिचा हात हलका आहे. तेजूसारखा नाही. आणि ते ऐकता ऐकता मी खाली बसले.

जितेंद्र, कॉन्चेर्टो वाजत नव्हता तोवर मला वाटायचं, कार्यक्रम व्हायचाय, म्हणजे तेजू यायचीय. तूही असाच अडकून बसला असशील. पण ती येणार नाही रे. व्हायोला मी रसिकाला दिलीय. वाजवायची परवानगी मात्र तूच द्यायची आहेस. दे. आम्ही दोघं ऐकायला येऊ. तू आमच्या मध्ये बस, एकटा मागे उभा राहू नकोस.

तुझीच,
सुचेताकाकू