आईच्या खिडकीचं माप

३ मे, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. बदली होऊन समुद्रकाठी आल्याला पाच आठवडे झाले. वादळांचा मोसम एक जूनला सुरू होतो. हाताशी अठ्ठावीस दिवस. गावात कोणालाच घाई नाही. मला आहे, कारण मला अक्कल आहे.

काल दादाचा फोन. मोसमाआधी आईला परत न्यायला येऊ का, म्हणाला. आई इतकी वर्षं त्याच्याकडेच राहिली, माझ्याकडे पहिल्यांदाच आली आहे. सांगून टाकलं, पहिलं वादळ येऊन जाऊ दे, तिच्या केसालाही धक्का लागला तर खुशाल घेऊन जा. तो नुसता हं म्हणाला. दादाचं हे हं मी पंचेचाळीस वर्षं ऐकतो आहे. या वेळी त्याला पुरून उरणार.

५ मे
तयारीची यादी पूर्ण. एकोणचाळीस कलमं. बायकोने वाचली आणि विचारलं, यात आईंची औषधं कुठे आहेत.
चाळीस कलमं.

९ मे
आईची खोली रस्त्याच्या बाजूला. न उघडणारी मोठी खिडकी, अख्खी एकच काच. म्हणजे घरातली सर्वांत धोक्याची जागा, आणि आई दिवसभर तिथेच खुर्ची टाकून! समोर सलून आहे. सलूनवाला केस कापून झाले की गिऱ्हाइकाची खुर्ची रस्त्याकडे फिरवतो आणि आईकडे बघून भुवया उडवतो. आईने मान डोलावली की गिऱ्हाईक सुटलं. तिने कानाकडे बोट केलं की तिथे पुन्हा कात्री. दोघं आजवर एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आई म्हणते, दिवस कसा जातो कळतच नाही.
काच फुटली की कळेल. खिडकीला प्लायवूड लावणे. तातडीचे.

११ मे
लाकूडवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, फळी चारी बाजूंनी चार-चार बोटं मोठी घ्या, भिंतीवर टेकवून स्क्रू मारा, म्हणजे हवी तेव्हा काढता येते. मी शांतपणे सांगितलं की मी वजन-मापे खात्यात निरीक्षक आहे. तराजूतली पाच ग्रॅमची लबाडी मला दारातून दिसते. चार बोटं हे काय माप झालं? खिडकीच्या खाचेत फळी अशी बसली पाहिजे की वाऱ्याला नखाएवढी फट सापडू नये. मिलिमीटरमध्ये लिहून दिलं. तो हं म्हणाला. दादाचा लांबचा नातेवाईक असावा.

१६ मे, सकाळी १०
फळी बसवली! बाहेरून, रबरी हातोडीने. शेवटच्या ठोक्याला टप्प आवाज झाला. अर्धा मिलिमीटरसुद्धा फट नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (ही वही कपाटात ठेवणे.)
आईने आतून दिवा लावायला सांगितला.
मोसमाला पंधरा दिवस आहेत, इतक्यात कशाला, असं बायकोचं म्हणणं. ऐनवेळी धावपळ करणाऱ्यांतला मी नाही.

२० मे
आईला करमत नाही. समोर आज किती जण आले असतील, असं दोनदा विचारलं. म्हटलं, ऑफिसातून येताना बघून येतो. संध्याकाळी सांगितलं, तीन. तर म्हणे, कानामागे नीट कापलं का? मला कसं माहीत असणार?
सलूनवाल्यानेही रस्त्यात गाठलं. आजी बऱ्या आहेत ना, म्हणाला. त्याला पूर्वतयारीचं महत्त्व समजावलं. तुमची काय तयारी, असंही विचारलं. वादळ आलं की आरसे उतरवून गादीखाली ठेवतो, शटर ओढतो आणि टेकडीवर बहिणीकडे जातो, म्हणाला. बस, एवढंच. कीव आली.

२४ मे
घर सोडण्याचा सराव, स्टॉपवॉच लावून. लक्ष्य चार मिनिटं. लागली एकोणीस. आईला त्या खोलीत चष्माच सापडेना.
निश्चय : चष्म्याला दोरी.

२९ मे
दोन दिवसांसाठी फळी काढावी म्हटलं. मी काही दगड नाही. पण निघेना. दमट हवेने प्लायवूड फुगलं आहे. बाहेरून धरायला कड नाही, आतून ढकलावं तर मध्ये काच. पेचकस, उलथनं, बायकोचे टोमणे, सगळं लावून पाहिलं. फिटिंग किती उत्तम झालं आहे, हे यावरून सिद्धच होतं. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, राहू दे रे.
वाईट वाटलं. बॅटऱ्या तपासल्या. रोज तपासतो.

७ जून, दुपारी
पहिलं वादळ! उद्या संध्याकाळी किनाऱ्यावर येणार, असं रेडिओवर सांगितलं. सलूनवाल्याने आरसे उतरवले. जाता जाता दारात येऊन विचारलं, आजींना टेकडीवर नेऊ का. मी ठाम नकार दिला. आई मात्र पायात चपला घालून बसली होती.

८ जून
६.०० आभाळ काळं. मी सज्ज.
११.१५ वारा. लाइट गेले. बॅटऱ्या रोज तपासल्यामुळे सगळ्या उतरल्या आहेत. आईच्या खोलीत मेणबत्ती.
४.४० लाइट आले. रेडिओ म्हणतो, वादळ दिशा बदलून खोल समुद्रात गेलं.
५.३० सलूनवाला आरसे परत लावतो आहे. आईच्या केसालाही धक्का नाही! दादाला लगेच फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

९ जून
फोन एंगेज का होता ते कळलं. आईच बोलत होती त्याच्याशी. तिला नंबर लावता येत नाही, म्हणजे बायकोने आपल्या मोबाइलवरून लावून दिला. दादा उद्या येतो आहे.
आईला म्हटलं, अगं, वादळ गेलं, आता कसली भीती? ती म्हणाली, वादळाला कोण घाबरतंय? दादाकडे खिडकी आहे.
फार राग आला. बाहेर जाऊन फळीवर बुक्क्या मारल्या. हलली नाही.

१० जून
दादा आला. फळीवर बोटाने टकटक केलं. हं म्हणाला.
निघताना आई रस्ता ओलांडून सलूनमध्ये गेली. दोघं पहिल्यांदाच बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

१३ जून, सकाळी
लाकूडवाला पटाशी घेऊन आला. फळी निघाली, काचेसकट. या मोसमात गावात फुटलेली ही पहिली काच. तो काहीच म्हणाला नाही. हंसुद्धा नाही.

खोलीत केवढा उजेड येतो! मी इथे कधी बसलोच नव्हतो. काचा झाडून आईच्या खुर्चीत बसलो. समोर सलूनवाल्याचं एक गिऱ्हाईक आटोपलं. त्याला उघडी खिडकी दिसली असावी, कारण त्याने झटकन खुर्ची इकडे फिरवली आणि भुवया उडवल्या. मी मान डोलावली. त्याने डोळे बारीक करून माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं आणि खुर्ची परत फिरवली.
गिऱ्हाइकाचा डावा कल्ला लांब राहिला होता. तीन मिलिमीटर तरी. ते रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं.