एका रकान्यात अकरा पालक

प्रति,
मा. प्राचार्य,
प्राणरेखा आपत्कालीन सेवा प्रशिक्षण केंद्र,
बुलडाणा.

अर्जदार : कु. दीपमाला मोतीराम वायाळ, वय २२, रा. दुसरबीड, ता. सिंदखेड राजा.

विषय : दूरध्वनी शाखेतून नाव काढून रुग्णवाहिका तंत्रज्ञ शाखेत घेणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ४ ऑगस्ट २०२५ चे पत्र व त्यावरील 'पालक नेमका कोण?' हा शेरा.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करते की, आपल्या प्रवेश अर्जात 'पालकाची संमती व पसंतीची शाखा' असा आगपेटीएवढा रकाना आहे. त्यात अर्जदाराच्या भावकीतून अकरा जणांची संमती आली, पैकी दोन अंगठे. प्रत्येकाने पुढे आपापली शाखाही लिहिली किंवा लिहवून घेतली. सहा जणांनी दूरध्वनी, चौघांनी चालक, आणि अर्जदाराचे वडील मोतीराम यांनी 'विचार करून कळवतो'. अर्जदाराला हवी असलेली तंत्रज्ञ शाखा कोणीच लिहिली नाही.

२. यात केंद्राचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. वायाळांच्या भावकीत बोअर कुठे पाडायची, म्हैस कोणती घ्यायची, हे सगळे बैठकीत ठरते आणि कागदावर घरटी एक सही होते. एखादे घर सुटले तर ते घर पुढच्या लग्नात पंगतीला बसत नाही. म्हणून अर्जदाराने मुकाट्याने कागद घरोघर फिरवला. आपण बहुमत पाहून तिला दूरध्वनी शाखेत घातले. आपली मोजणी बिनचूक आहे. तक्रार मोजणीबद्दल नाही.

३. दूरध्वनी शाखेचे पुढारी म्हणजे अर्जदाराचे चुलत आजोबा गुलाबराव. त्यांचे म्हणणे असे : "फोन उचलायचा, पत्ता लिहून घ्यायचा, डोक्यावर पंखा. पोरीले आणखी काय पाह्यजे?" चालक शाखेवाल्यांचा आधार एवढाच, की अर्जदार ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेते तशी गावात कोणाला घेता येत नाही. आई अन्नपूर्णाबाई यांची हरकत वेगळी : "पाहुणे विचारतीन पोरगी काय करते, त सांगू काय? रस्त्यावरचे लोक उचलते?"

४. तर होय, अर्जदाराला तेच करायचे आहे. वडिलांचे पंक्चरचे दुकान मेहकर रोडला लागून आहे. मागच्या जानेवारीत दुकानासमोर एक मोटारसायकलवाला पडला. गोळा झालेल्या लोकांपैकी एक त्याला पाणी पाजत होता, दोघे हात-पाय धरून उचलत होते, बाकीचे सल्ले देत होते, आणि अर्जदार हातात फडके घेऊन नुसती उभी होती. रुग्णवाहिका आली. तीतून उतरलेल्या बाईंनी दोन मिनिटांत सगळ्यांना मागे सारले, त्याची मान पट्ट्यात धरली आणि त्याला नेले. बैठक नाही, सही नाही. पुढे तो माणूस पेढे घेऊन दुकानात आला. त्या दिवसापासून अर्जदाराला दुसरे काही सुचत नाही, हे ती स्पष्टपणे नमूद करते.

५. आपल्या शेऱ्यावरून एकच पालक नेमण्यासाठी रविवार, दि. १० रोजी भावकीची पुन्हा बैठक झाली. चहा-चिवडा झाला. दूरध्वनी शाखेचे फायदे सांगता सांगता गुलाबरावांच्या घशात खोबऱ्याचा तुकडा अडकला. आवाज बंद, चेहरा काळानिळा. कोणी पाणी आणा म्हणाले, कोणी कांदा आणा म्हणाले, कांदा की चप्पल यावर दुमतही झाले. आपल्याच केंद्राने जूनमध्ये बाजाराच्या दिवशी घेतलेले प्रात्यक्षिक अर्जदाराने पुढे उभे राहून पाहिले होते. तिने आजोबांना वाकवले आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने चार दणके दिले. चौथ्याला तुकडा बाहेर पडला. गुलाबरावांचे पहिले शब्द : "हे माह्या पाठीत बुक्के मारून राह्यली, अन् तुम्ही पाहून राह्यले!"

६. तरी डॉक्टरांना दाखवणे जरूर होते. जीप आली. भावकीतले आजारी माणूस एकटे जात नाही, घरटी एक जण सोबत जातो. दहा जण चढून बसले आणि रुग्णालाच जागा उरली नाही. अर्जदाराने त्यातल्या नऊ जणांना खाली उतरवले. हे काम दणक्यांपेक्षा कठीण गेले आणि ते आपल्या अभ्यासक्रमात असावे, अशी नम्र सूचना आहे. डॉक्टरांनी तपासून सगळे ठीक असल्याचे सांगितले. गुलाबराव मात्र रागावलेलेच आहेत. वडीलधाऱ्याला चारचौघांत मारणाऱ्या मुलीला त्याचेच सरकारी शिक्षण देऊ नये, असा त्यांचा ठाम आग्रह आहे.

७. दवाखान्याच्या बाकावर बसून अर्जदाराने आपल्या पत्रासोबत परत आलेला अर्ज पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. रकान्याखाली बारीक अक्षरात छापले आहे : 'अर्जदार सज्ञान असल्यास स्वतःची सही पुरेशी.' अकरा घरे फिरून आली, पण ही ओळ कोणी वाचली नाही, अर्जदारानेही नाही. बावीस वर्षांत घरातल्या कोणत्याही कागदाला तिची सही लागली नव्हती, म्हणून अशी ओळ तिने शोधलीच नाही. याची तिला लाज वाटते.

८. सबब विनंती, की सोबतचा नवा अर्ज घ्यावा आणि मुदत संपण्यापूर्वी, म्हणजे दि. १४ पर्यंत, तंत्रज्ञ शाखेत प्रवेश द्यावा. या अर्जावर सही एकच आहे. वडिलांना ती दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "चांगली येते की तुले." त्यांचा विचार करून झाला, असे अर्जदार समजते.

आपली नम्र व सज्ञान,
दीपमाला मोतीराम वायाळ
दुसरबीड, दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) नवा प्रवेश अर्ज.
२) जन्मतारखेचा दाखला.
३) डॉक्टरांची चिठ्ठी.
४) श्री. गुलाबराव वायाळ यांचे हरकतपत्र. मोतीबिंदूमुळे त्यांना लिहिता येत नसल्याने त्यांनी सांगितले व अर्जदाराने लिहिले. एक शब्दही गाळलेला नाही. मजकूर : "पोरीचा हात लय जड हाये. माही हरकत कायम हाये. पण मले पुन्हा काही झालं, त गाडीत हेच पोरगी पाह्यजे."