जाडीप्रमाणे चार तारा

३ नोव्हेंबर
दमलोय. पण आज एक निर्णय घेतला, आणि निर्णय घेतला की मला जरा तरतरी येते. पुढचं पुढे.

वर्षअखेरच्या सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. हिला दोन गाणी म्हणायला सांगितलंय. सुट्टीचीच गाणी, पण जॅझच्या डुलत्या चालीची. एकात लोक बॅगा भरतात, दुसऱ्यात ऑफिसातला कारकून फाइल अर्धी टाकून पळतो. ही लग्नाआधी गायची. मग शाळेतली नोकरी, मुलगी, घर, यात ते राहूनच गेलं. आज हो म्हणून आली आणि चहा टाकताना दोनदा स्वतःशीच हसली. साथीला म्हणे खालच्या मजल्यावरचा केमिस्ट, कीबोर्डवर. मी म्हटलं, घरात माणूस असताना बाहेरचा कशाला? मी युकुलेली वाजवतो.

माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, पोहणं झालं, जर्मन झालं, गच्चीतली मशरूम झाली, मी कधी चकार शब्द काढला नाही, कारण ते तुमचं होतं. हे माझं आहे. बावीस वर्षांनी गाणार आहे. खरंच करणार असाल तरच हो म्हणा.

तत्काळ हो म्हटलं. युकुलेलीला चार तारा. हातात दोन महिने. म्हणजे तारेमागे पंधरा दिवस. आरामात होईल.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
युकुलेली आणली. गिटारचं पिल्लूच. घरी आल्याआल्या तपासणी. सवय! केबलच्या कारखान्यात इतकी वर्षं तारांची जाडी मोजल्यावर तार दिसली की मायक्रोमीटर आपोआप खिशातून बाहेर येतो. आणि काय सापडलं? तारा चुकीच्या लावल्यात. सगळ्यात वरची बारीक, तिच्याखाली एकदम जाड, मग पुन्हा उतरत्या. हा काय प्रकार? जाड ते बारीक असा सरळ क्रम नको? आमच्याकडे असा माल गेटबाहेर पडत नाही. पडला तर मागोमाग मी पडेन.

परत दुकानात जायचं त्राण नव्हतं. चारही तारा उतरवल्या, जाडीप्रमाणे रीतसर लावल्या. जाड तार खाचेत बसेना, म्हणून खाच कानशीने थोडी वाढवली. फोनवरच्या ट्यूनरने एकेक तार सुरात आणली, प्रत्येकीला हिरवा दिवा. मग चारही मोकळ्या छेडल्या. अहाहा! ही बाहेर आली आणि म्हणाली, गोड वाजतेय हो. पहिल्याच दिवशी कंपनीची चूक सुधारणारा विद्यार्थी या वाद्याला क्वचितच मिळत असेल.

उद्यापासून पहाटे साडेपाचला सराव.

७ नोव्हेंबर
गजर वाजला. त्याचं काम त्याने केलं.

८ नोव्हेंबर
गजर बदलला. आता पावणेसहा. उगाच अति करण्यात अर्थ नाही.

१२ नोव्हेंबर
बोटांच्या टोकांना आग. युकुलेलीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय की कातडी घट्ट झाली की दुखणं थांबतं. म्हणजे कातडी घट्ट होईपर्यंत थांबावं, असा त्याचा मथितार्थ.

१५ नोव्हेंबर, रविवार
आज खरा सराव. पहिला कॉर्ड, म्हणजे चारही तारांचे सूर एकदम. सी: झकास. एफ: काहीतरी खुपतंय. जी सेव्हन: दात शिवशिवले. ट्यूनर पाहिला, चारही दिवे हिरवे. बोटं पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिली, अगदी तंतोतंत. मग प्रकाश पडला. अरे, हे जॅझ आहे! जॅझमध्ये खुपतंच. फोनवर दोन-तीन लोक ऐकले, तिथेही बरंच काही खुपत होतं आणि लोक डोळे मिटून माना डोलावत होते. साध्या माणसाला जिथे पोचायला वर्षं लागतात, तिथे मी दहा दिवसांत. दुपारी झोपलो.

२२ नोव्हेंबर
हिच्याबरोबर पहिली प्रॅक्टिस. पहिली ओळ सुरेख गायली. सी कॉर्डवर आहे ती. दुसऱ्या ओळीला थांबली. म्हणाली, काहीतरी जुळत नाहीये. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली. तुमचं वाद्य लागलंय ना नीट, असं हळूच विचारलं. मी ट्यूनर पुढे धरला. चार हिरवे दिवे. यंत्राला काय पडलीय खोटं बोलायची?

मी समजुतीच्या सुरात सांगितलं की कुठलीही वस्तू इतकी वर्षं पडून राहिली की गंज चढतो, त्यात कमीपणा नाही, घासलं की निघतो. म्हणाली, असेल. तुमचं मोजमापाचंच काम, तुम्हाला कळत असेल. सहसा ही माझं एवढ्या लवकर ऐकत नाही. मलाही बरं वाटलं.

२९ नोव्हेंबर
प्रगती आहे. दुसऱ्या ओळीला आता थांबत नाही. माझा एफ आला की आवाज थोडा ओढून त्याच्याजवळ आणते. कडू औषध घेताना होतो तसा चेहरा होतो, पण आणते. शाबास म्हटलं. माझा स्वतःचा ठेका अजून डुलत नाही, नुसता लंगडतो. पण तो शेवटच्या आठवड्याचा विषय आहे.

४ डिसेंबर
दुहेरी पाळी. पायांचे तुकडे पडलेत. जिन्यात केमिस्ट भेटला. कसं चाललंय म्हणाला, वाटलं तर एकदा वहिनींना कीबोर्डवर सूर दाखवतो म्हणाला. मी म्हटलं, आमचं छान जुळलंय, तुम्ही तुमचं दुकान सांभाळा. हिला सांगायचं राहिलं. मुद्दाम नाही. दमल्यावर लक्षात कुठे राहतं?

७ डिसेंबर
हिच्या ताईचा फोन. हिने फोनवर दोन ओळी गाऊन दाखवल्या असाव्यात. लगेच मला द्यायला सांगितलं. विचारते कशी, माझ्या बहिणीला झालंय काय? लहानपणी छताचा पंखा बेसूर गुणगुणतो म्हणून हिला झोप लागायची नाही, आणि आज ही गातेय तरी कुठल्या सुरात? मी शांतपणे म्हटलं, ताई, हे जॅझ आहे. पलीकडून म्हणाली, जॅझ असो की आणखी काही, सूर तो सूर. अज्ञानाला औषध नाही. वयाने मोठ्या, म्हणून ऐकून घेतलं.

१३ डिसेंबर
प्रॅक्टिसला बोलावलं तर आली नाही. वह्या तपासत बसली होती. म्हणाली, चोवीस तारखेला कार्यक्रमाची यादी छापून येतेय, त्याआधी सेक्रेटरींना सांगून टाकते की मी गात नाही. मी म्हटलं, अगं, एवढ्यातेवढ्याला नांगी टाकायची? तर म्हणाली, एवढ्यातेवढ्याला नाही. आयुष्यात माझ्याकडे फार काही होतं असं नाही, पण कान होता. कुणीही उठून मला तू बेसूर आहेस असं म्हणू शकत नव्हतं. आता माझा मलाच भरवसा राहिला नाही. आणि लाल पेनने पुढच्या वहीत बरोबरची खूण केली.

मी म्हटलं, वाद्याचा आवाजच जरा बारीक आहे, मी नव्या तारा आणतो, मग बघ. मान हलवली. माझं आज जेवणात लक्ष नव्हतं. पित्त असावं.

१७ डिसेंबर, संध्याकाळी
कारखान्यातून परस्पर दुकानात गेलो. दुकानदाराने वाद्य हातात घेतलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. विचारलं, हा उद्योग कुणी केला? मी म्हटलं, उद्योग नव्हे, दुरुस्ती. मायक्रोमीटरही दाखवला. तो इतका हसला की आतल्या खोलीतून भागीदाराला हाक मारून बोलावलं. युकुलेलीची वरची तार बारीकच असते म्हणे. मुद्दाम. म्हणूनच तिचा आवाज तसा येतो. पुस्तकातले सगळे कॉर्ड त्याच क्रमाचे. तुम्ही तारांची जागा बदललीत, म्हणजे बोटं बरोबर आणि सूर भलतेच. मोकळ्या छेडल्या तर तेच चार सूर, म्हणून गोड लागतात. सी कॉर्डमध्ये फक्त खालच्या तारेवर बोट, ती जागेवरच होती, म्हणून तोही बरा वाजतो. बाकी सगळा आनंदीआनंद.

मी थोडा वाद घातला. पण त्याने खाचांची नवी पट्टी बसवली, तारा क्रमाने लावल्या, एफ वाजवला. काही खुपलं नाही.

येताना दोन स्टॉप पुढे जाऊन उतरलो. चालत परत आलो.

म्हणजे ही पहिल्या दिवसापासून बरोबर होती. आणि मी तिला गंज चढलाय म्हणालो. उद्या सांगतो. आज ती दमलेली दिसतेय.

१८ डिसेंबर
आज तिचं डोकं दुखत होतं.

१९ डिसेंबर
आज माझं.

२० डिसेंबर
शांतपणे विचार केला. सांगायची खरं तर गरजच नाही. वाद्य आता ठीक आहे. उद्या प्रॅक्टिस घ्यायची, सूर आपोआप जुळतील, तिचा विश्वास आपोआप परत येईल, आणि जुनं उकरून कुणालाच त्रास होणार नाही. यंत्रातला दोष काढला की उत्पादन सुधारतं. साधं तत्त्व आहे.

२१ डिसेंबर
आपोआप काही होत नाही.

एकदा, शेवटचं, म्हणून विनवलं, तेव्हा उभी राहिली. पहिली ओळ छान. दुसऱ्या ओळीला मी एफ वाजवला, खराखुरा. आणि तिने सवयीने आवाज ओढला, महिनाभर ओढत होती तिकडेच. भयंकर लागलं. तिलाही कळलं, मलाही कळलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. मग खुर्चीवर बसली. म्हणाली, बघा, आज तुम्ही अगदी बरोबर वाजवताय. मीच कुठेतरी सरकतेय. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तुम्ही खरंच शिकलात हो. मला वाटलं नव्हतं.

यावर मी काय म्हणालो? थँक्यू म्हणालो.

लाज वाटते. फार लाज वाटते.

२२ डिसेंबर
सांगितलं. कारखान्यात जायला निघताना, बूट घालता घालता. तोंड खाली असलं की बोलायला बरं पडतं. तारा, क्रम, कानस, एफ, दुकानदार, केमिस्ट जिन्यात भेटला होता ते, ताई म्हणत होती ते, सगळं.

ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. विचारलं, कधी कळलं? म्हटलं, गुरुवारी. म्हणाली, म्हणजे काल वाजवत होतात तेव्हा माहीत होतं. म्हटलं, हो. म्हणजे मी खुर्चीवर बसले तेव्हाही माहीत होतं. म्हटलं, हो.

मग चप्पल पायात सरकवून खाली गेली. दोन मिनिटांनी केमिस्टच्या घरातून कीबोर्ड ऐकू आला. एकच सूर, पुन्हा पुन्हा. मग तिचा आवाज, त्याच सुरावर. मी एक बूट घालून जिन्यात उभा. बस चुकली.

२४ डिसेंबर
यादी छापून आली. हिचं नाव आहे. साथ: केमिस्ट, म्हणजे त्याचं खरं नाव. माझंही नाव आहे, शेवटून दुसरं, खुर्च्या आणि बैठक व्यवस्था यात.

आज बोलली. दूध संपलंय म्हणाली.

३० डिसेंबर
कार्यक्रम झाला. खुर्च्यांच्या रांगा मी मोजून लावल्या होत्या, सरळ होत्या. कुणी दखल घेतली नाही.

ही निळी साडी नेसून उभी राहिली. दुसरी ओळ आली तेव्हा मी खुर्चीची कड घट्ट धरली. सूर असा अलगद येऊन बसला की पुढच्या रांगेतल्या सेक्रेटरींनी वळून शेजाऱ्याकडे पाहिलं. कारकून फाइल टाकून पळतो त्या गाण्याला लोक ठेका धरून डोलायला लागले, आणि ही हसत हसत गात होती. गाताना हसते, हे मला माहीतच नव्हतं. आमच्या प्रॅक्टिसला कधी हसली नाही. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा असा गलका झाला. मग तेच गाणं परत.

शेजारी केमिस्टची बायको. मला म्हणाली, काय गातात हो वहिनी! तुमची किती मदत झाली असेल. मी म्हटलं, नाही. तिला तो विनय वाटला.

३ जानेवारी, रविवार
सुट्टी संपली. उद्यापासून सकाळची पाळी.

नव्या वर्षाचे संकल्प: माउथऑर्गन घ्यावा असं मनात आलं होतं. आलं आणि गेलं.

हिला गाण्याच्या एका ग्रुपमध्ये घेतलंय. दर शनिवारी. आता आतल्या खोलीत सराव चाललाय. मघाशी चहा घेऊन आत गेलो आणि म्हटलं, बसतो जरा ऐकत. ती गायची थांबली. रागावली वगैरे नाही, आता बोलते व्यवस्थित, कालच भाजी काय करू असं विचारलं. चहा घेतला, छान झालाय म्हणाली. कप खाली ठेवला. खिडकीबाहेर बघत राहिली. मी बसलोच होतो. मग फार मऊ आवाजात म्हणाली, अहो, तुम्ही बाहेर बसाल का? तुम्ही समोर असलात की मला माझा सूर खरा वाटत नाही.

बाहेर येऊन बसलो. दार तिने लावून घेतलं. पुन्हा सुरू झालंय.