न्हाणीघरातली गव्हाची बिअर

हिर्शलबाख, १९ ऑगस्ट

आदरणीय लेओनहार्ड यांस कोर्बिनियानचा, म्हणजे तुमची धाकटी बहीण आफ्रा हिच्या नवऱ्याचा, हात पुसून केलेला नमस्कार. (हात ओले का होते ते पुढे येईलच.)

तुमची कंबर आता कशी आहे? रेगेन्सबुर्गच्या डॉक्टरांनी तुम्हाला डुकराचं मांस कमी करायला सांगितलं, असं आफ्राकडून कळलं. कंबरेचा आणि डुकराचा संबंध काय, हे मी असतो तर आधी लेखी मागितलं असतं. इकडे सगळे ठीक. आफ्राचा माझ्यावरचा राग रविवारी चर्चमध्ये ओसरतो आणि सोमवारी तिनं न्हाणीघराचं दार उघडलं की पुन्हा जागेवर येतो. तुमच्या बाबांचा गुडघा दुखतो, पण तोंड चालू झालं आहे, आणि या पत्राचा विषय तोच आहे.

तुम्हाला माहीतच आहे की गावातली ब्रुअरी बंद झाल्यापासून बाबांनी बिअरला ओठ लावला नव्हता. चाळीस वर्षं ज्या माणसानं अख्ख्या पंचक्रोशीला गव्हाची बिअर पाजली, तो माणूस नऊ वर्षं आमच्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसून पुदिन्याचा चहा पीत होता. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे सकाळी "पाऊस येणार" आणि संध्याकाळी "आला नाही". (जमीनमोजणी खात्यात मी एकतीस वर्षं काढली, तिथले खांबसुद्धा यापेक्षा बोलके होते.) तेव्हा जुलैतल्या त्यांच्या एक्क्याऐंशीव्या वाढदिवसाला आपण स्वतः घरी गव्हाची बिअर करून त्यांच्यापुढे ठेवावी, असा माझ्या मनात विचार आला. हेतू चांगला होता, एवढं तुम्ही मान्य कराल. पुढचं काहीच चांगलं नव्हतं.

मी तीन पुस्तकं वाचली, दोन थर्मामीटर आणले आणि एक वही सुरू केली. मोड आणून वाळवलेल्या गव्हाचा आणि जवाचा माल्ट उकळून काढा उत्तम झाला. खरी गोम त्यानंतर असते, कारण काढा आपण करतो, पण त्याची बिअर यीस्ट करतं, आणि यीस्ट सरकारी नोकर नसल्यामुळे त्याला आदेश देता येत नाही. एप्रिलमध्ये मी पिंप तळघरात ठेवलं. तिथं अकरा अंश. तीन दिवस मी दर दोन तासांनी खाली जाऊन पाहिलं, वहीत छत्तीस वेळा "हालचाल नाही" असं लिहिलं आणि चौथ्या दिवशी पिंप उचलून बैठकीतल्या शेगडीला टेकवलं. तिथं सत्तावीस. मग जी हालचाल झाली ती वहीत मावली नाही. दोन दिवसांत यीस्टनं सगळी साखर खाऊन संपवली आणि उरलं ते असं की आफ्रानं वास घेऊन विचारलं, "केळी कुठे ठेवलीस?" गव्हाच्या बिअरला केळ्याचा मंद वास असावाच लागतो, हे मला माहीत होतं, पण या बिअरला केळ्याखेरीज दुसरं काही नव्हतं, फक्त शेवटी थोडा डिंक लागत होता. ती आम्ही गुलाबांना घातली. गुलाबांनी तक्रार केली नाही.

दुसऱ्या वेळी मी घरातल्या सगळ्या खोल्यांचं तापमान आठवडाभर मोजलं. अचूक वीस अंश फक्त न्हाणीघरात होते. पिंप टबात बसवलं, आणि आम्ही दोघं आठवडाभर स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी अंग पुसत राहिलो. (बाबांना काही फरक पडला नाही, ते शनिवारीच अंघोळ करतात.) तुमच्याशी खोटं बोलत नाही, पिंप मी काठोकाठ भरलं होतं, आणि झाकण घट्ट दाबून त्यात हवा जायची बारीक नळी बसवली होती. रविवारी आम्ही चर्चला गेलो. परत येऊन पाहतो तर फेस नळीत अडकून बसलेला आणि झाकण छताला आपटून आरशाच्या मागे पडलेलं. छतावरून तपकिरी फेस ठिबकत होता, आणि खाली आफ्राचा पांढरा ब्लाउज वाळत होता. बाबा गुडघ्यामुळे घरीच होते.

"तुम्हाला आवाज आला नाही?" मी विचारलं.

"आला."

"मग?"

"चहा पीत होतो."

पण ते उठले. काठी टेकत न्हाणीघराच्या दारापर्यंत आले, छताकडे बघितलं, टबाकडे बघितलं, बोटावर थोडा फेस घेऊन चाखला आणि म्हणाले, "झाकण लावायचं नसतं, मोजणीदार." नऊ वर्षांत पाऊस आणि चहा सोडून त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तिथपासून माझी बदली झाली. तिसऱ्या खेपेला साहेब बाबा आणि मी बाटल्या धुणारा. (म्हणून हात ओले.) त्यांनी पिंपाऐवजी आफ्राचं कपडे उकळायचं मोठं पातेलं घेतलं, वरून नुसतं फडकं घातलं आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मला आत घेईनात. घरात आंबवलेल्या पिठाचा ब्रेड भाजायला दोन आठवडे बंदी, कारण त्यातलं रानटी यीस्ट म्हणे हवेतून येऊन बसतं. आफ्रा दुकानातला ब्रेड आणताना शेजारणींना तोंड दाखवेना. माझे थर्मामीटर दोन्ही खिशात राहिले. बाबा पातेल्याला कान लावायचे, हाताची मागची बाजू टेकवायचे आणि वरचा कडू, तपकिरी फेस डावानं काढून टाकायचे. "आज जरा घाई करतंय, खिडकी उघड," असं ते आफ्राला सांगत. मी चोरून मोजलं, तर बावीस. आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं मोजणी केलेल्या माणसानं हे कसं सहन करावं?

नाहीच केलं. तिसऱ्या दिवशी फेस बसला, माझ्या वहीच्या हिशेबानं आंबणं संपलं होतं. बाबा म्हणाले, अजून साखर आहे, बाटलीत गॅस धरेल, आत्ता घालायचं नाही. दुपारी आफ्रा त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली तेव्हा मी गुपचूप अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या भरल्या, तारेची झाकणं लावली आणि तळघरात बटाट्यांच्या पेटीत लपवल्या. शनिवारी सकाळी आम्ही न्याहारीच्या पांढऱ्या सॉसेजची सालं काढत बसलो होतो तेव्हा खाली पहिली फुटली. मग दुसरी. बाबांनी सुरी खाली ठेवली आणि डोळे मिटून मोजत राहिले.

"सहा," ते म्हणाले. "आणखी आहेत?"

"नाही."

"बरोबर. पातेल्यात तीन लिटर कमी होते."

"तुम्हाला दिसलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोजता ना, जावईबापू. म्हटलं, होऊ दे मोजून."

आणि ते हसले, लेओनहार्ड. खांदे हलवून, सॉसेजबरोबरची गोड मोहरीची चटणी मिशीला लागेपर्यंत हसले. आफ्रा उठून ओट्याकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ एकच बशी पुसत राहिली. त्यानंतरचा आठवडाभर मी बटाट्यांतून काचा वेचत होतो, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

उरलेली बिअर त्यांनी आठव्या दिवशी बाटल्यांत भरली, एकही फुटली नाही. वाढदिवसाला त्यांनी स्वतः उंच ग्लासात ओतली, तळाचं यीस्ट बाटली फिरवून वर आणलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि अर्धा ग्लास एका दमात प्यायले. आम्ही दोघं उभे. ते म्हणाले, "चालेल." आपल्या भागात याहून मोठी शाबासकी नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. उरलेला अर्धा ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला.

वहिनींना आणि तुमच्या कंबरेला नमस्कार.

आपला,
कोर्बिनियान

ता. क. मार्चच्या पत्रात मी लिहिलं होतं की आता आमच्यानं होत नाही, आणि बाबांसाठी श्ट्राउबिंगच्या वृद्धाश्रमात खोली बघण्याची तुम्हाला विनंती केली होती. एक सप्टेंबरला खोली मिळेल असं तुम्ही कळवलंत. कृपया त्यांना सांगा, दुसऱ्या कुणाला द्या. आम्ही मऊ पडलो असं समजू नका. सप्टेंबरच्या मध्यात पुढचं पातेलं भरायचं आहे आणि मला अजून नीट ऐकू येत नाही, म्हणजे पातेल्याचं.

ता. क. २. बाबांनी हे पत्र वाचलं. वृद्धाश्रमाच्या ओळीवर थांबले, चष्मा पुसून पुढे वाचलं. मग म्हणाले, सत्तावीस अंश लिहिलेत ते ठीक, पण लेओनहार्डला सांगा, तारेच्या झाकणाच्या चाळीस रिकाम्या बाटल्या घेऊन ये आणि चार दिवस राहा.

ता. क. ३. दादा, मी आफ्रा. पाकीट मी चिकटवतेय, म्हणून हे कोर्बिनियानला कळणार नाही. ती खोली त्यानं जूनमध्येच फोन करून सोडली, बाटल्या फुटल्या त्याच शनिवारी, हातात काच घुसलेली असताना. तुला न विचारता केलं म्हणून दोन महिने तुला पत्र लिहायला घाबरत होता. तेव्हा उत्तरात कृपा करून लिही, की बरं, मी वृद्धाश्रमाला कळवतो.