इंजिनाच्या पाण्यावरची बाग

आबा,

दोंडाईचा स्टेशनामागचं आपलं क्वार्टर आता राहिलं नाही. मागच्या आठवड्यात जाऊन आले. तिथे सपाट सिमेंट आहे आणि त्यावर मिरचीची पोती रचलेली. इथे पेरू होता, इथे केळी, इथे आईची जास्वंद, असा पायाने अंदाज घेत मी फिरत राहिले. एका हमालाने विचारलं, "काय हराई गये, बाई?" मी म्हटलं, काही हरवलं नाही.

तुम्ही तेव्हा रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होतात. वाफेच्या इंजिनात पाणी भरताना जे खाली सांडायचं, ते आईने खुरप्याने चर खणून आपल्या मागच्या दारी वळवलं होतं. वैशाखात सगळं गाव करपलेलं आणि आपल्या दारात ओल. मी केळीखाली बसून कोळशाने फरशीवर चित्रं काढतेय, आई पदर खोचून आळ्यांत पाणी सोडतेय. माझ्या आत हे अजून चालूच आहे. मग तिला कावीळ झाली आणि ती गेली. त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी, तुम्ही कुऱ्हाड घेऊन सगळी बाग तोडलीत. मी रडत तुमच्या पायांना मिठी मारली. तुम्ही मला हाताने बाजूला केलंत आणि पुन्हा कुऱ्हाड उचललीत. पुढे धुळ्याला बदली मागून घेतलीत, देवपुरात खोली केलीत आणि तिथे एक कुंडीसुद्धा ठेवू दिली नाहीत.

मी चित्रकार झाले. आयुष्यभर तीच बाग काढत आले. लोकांना त्यात नुसते हिरवे-काळे पट्टे दिसतात. तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी जळगावला माझं पहिलं प्रदर्शन भरलं. टोपी हातात धरून तुम्ही सगळ्यात मोठ्या चित्रासमोर बराच वेळ उभे होतात. मग म्हणालात, "यामा तुनी माय कोठे शे?"

"मी माणसं काढत नाही, आबा."

तुम्ही चित्रावरची नजर हलवली नाहीत. "मरीसन बी ती जायेल नव्हती. रोज सांजले केळीखाले उभी राहे. माले बलावे. तू धाकली व्हती. मी तिनामांगे गऊ असतू ते तुले कोन सांभायतं? म्हनीसन बठ्ठी बाग तोडी टाकी."

तुम्ही टोपी घातलीत आणि बसची वेळ झाली म्हणालात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीही गेलात.

तेव्हापासून दिवस कलला की मी ब्रश खाली ठेवते आणि मागे सरून चित्राकडे बघत बसते. पानांच्या आड कधीच कुणी नसतं. खरं म्हणजे तुमच्यावरचा राग गेला, एवढंच लिहायला आज बसले होते. हा कागद कुठे टाकायचा, तेही ठाऊक नाही. पण राग गेला तिथे दुसरंच काही येऊन बसलंय. आबा, मला तुमचा हेवा वाटतो. तिने तुम्हाला बोलावलं. मीही तिथेच, त्याच केळीखाली असायचे.